नौकेवरचे जेवण आणि भोपाळचे पाणी

भोपाळात नवा आलेला पाहुणा, त्यातही तो पुण्या-नाशिकाकडचा असेल तर विशेषच, पहिल्या दोन दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमच्या गावाला नदी कुठली हो?" पुण्याला मुळा-मुठा, नाशकाला गोदावरी, नागपुराला तर तिच्या नावावरूनच गावाचे नाव पडावे अशी नाग नदी. नदीवाचून गाव ही कल्पनाच मराठी माणसाला जरा चमत्कारिक वाटते. मग आपण भोपाळकर थोडे ओशाळतो आणि पाहुण्याला बडा तलाव दाखवायला घेऊन जातो. पाहुणा पाणी पाहून थक्क होतो व प्रश्न विसरून जातो.

वास्तविक ओशाळण्याचे काही कारण नाही. भोपाळला नदी आहे, फक्त ती तलावाच्या पोटात आहे. सीहोरच्या बाजूने येणारी कोलांस ही ती नदी. परंपरेप्रमाणे अकराव्या शतकात धारच्या परमार भोजराजाने तिच्यावर मातीचा बांध घातला आणि नदीचा तलाव झाला. आजचा कमला पार्क ज्या उंचवट्यावर आहे, तोच हा बांध. त्याच्या अलीकडे बडा तलाव आणि पलीकडे १७९४ साली नबाबी दिवाण छोटे खान यांनी करविलेला छोटा तलाव. बांधावरून रोज हजारो वाहने धावतात, पण आपण एका नऊशे-हजार वर्षांच्या धरणावरून जात आहो हे त्यातल्या कितींच्या ध्यानी येत असेल? तलाव तुडुंब भरला की त्याचा विस्तार तीस चौरस किलोमीटरांच्या वर जातो आणि ३६१ चौरस किलोमीटरांच्या प्रदेशावरचा पाऊस त्यात येऊन मिळतो. तळे म्हणावे तर भोपाळचे, बाकी सारी डबकी, अशा अर्थाची म्हण या भागात आहे. ती अतिशयोक्ती असली तरी अभिमानाने उच्चारण्याजोगी आहे.

अशा गावात संध्याकाळी पाण्यावर जाऊन चार घास खावेत, ही हौस निर्माण न झाली तरच नवल. आपल्या समाजाला तर तिची पूर्वपीठिकाही आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, भोपाळ राजधानी ठरले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून कचेऱ्यांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. पाठोपाठ हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने पिपलानी-गोविंदपुऱ्याकडे आणखी घरे वसविली. त्या पहिल्या पिढीने आपल्याबरोबर कोजागिरी आणली. आटीव दूध, चारोळी, वेलची आणि चंद्र दिसेल अशी पाण्याकाठची जागा, एवढ्यावर रात्र निघे. म्हणजे पाण्याच्या संगतीने खाण्यापिण्याचा आनंद घेण्याची रीत आम्हांला कुणा परदेशी सहल-व्यवस्थापकाने शिकविलेली नाही.

मात्र इंजिनाच्या नौकेत बसून, दिव्यांच्या माळांखाली, गाणी ऐकत जेवण्याची रीत बाहेरची, हे मान्य केले पाहिजे. पॅरिसमध्ये सीन नदीवर अशा नौका एकोणिसाव्या शतकापासून फिरत असल्या तरी त्यांचे आजचे रूप १९४९ नंतरचे, झाँ ब्रुएल नावाच्या उद्योजकाने घडविलेले. तेथून ही टूम जगभर पसरली. आपल्याकडे ती पणजीला मांडवीवर रुजली, वाराणसीला गंगेवर आली, २०२३ च्या जुलैत अहमदाबादला साबरमतीवरही एक भोजननौका सुरू झाली. भोपाळचा वाटा म्हणजे बोट क्लबच्या धक्क्यावरून सुटणारी 'लेक प्रिन्सेस' ही राज्य पर्यटन महामंडळाची दुमजली नौका.

या नौकेतून २०२२ च्या हिवाळ्यात अयोध्या नगरातील आम्ही चार कुटुंबे मिळून फिरून आलो होतो. अयोध्या नगर शहराच्या पूर्व टोकाला आणि बोट क्लब पश्चिमेला. त्यामुळे गोविंदपुरा, प्रभात चौराहा, रोशनपुरा, पॉलिटेक्निक अशी वरात काढूनच तलाव गाठावा लागतो. आमच्या बाजूच्या लोकांना बडा तलाव हा रोजचा शेजारी नव्हे, तो सणासुदीचा आप्त आहे. म्हणूनच एकदा तेथे पोहोचल्यावर काठावरून नुसते पाहून परतायला मन घेत नाही.

नौका निघाली तेव्हा सूर्य पाण्याच्या पलीकडे टेकला होता. मागे व्ही.आय.पी. रोडचे दिवे एकेक करून लागत होते. बुरुजावर उभा असलेला भोजराजाचा पुतळा (हा २०११ सालचा, त्याच वर्षी तलावाला 'भोजताल' असे अधिकृत नाव मिळाले, पण बोलण्यात तो 'बडा तालाब'च राहिला) हळूहळू काळ्या आकृतीत बदलत गेला. डाव्या अंगाला श्यामला टेकडी व तिच्या पुढे वनविहाराची झाडी. पाण्याच्या मध्यावर तकिया बेटावरची मजार. भोपाळचे सारे वैभव एका नजरेत यावे अशी जागा शहरात दुसरी नाही. वरच्या मजल्यावर मुले गाण्यांच्या तालावर नाचू लागली. चहा आणि तळलेले काहीबाही हाती आले. खरे जेवण आमचे नंतर काठावर बसून झाले, डबे सोडून. दशम्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी आणि एकीने हौसेने केलेला साखरभात.

या फेरीतला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. आमच्यातल्या एका आजींचा सात-आठ वर्षांचा नातू कठड्याशी उभा राहून बिस्किटे खात होता. पुडा संपला आणि त्याने कागद पाण्याकडे भिरकावण्यासाठी हात उचलला. आजींनी तो वरच्यावर धरला.

"अरे, पाण्यात नको रे टाकूस. माठ आहे तो आपला."

"माठ एवढा मोठा असतो का गं आजी?"

"गाव मोठं, मग माठही मोठाच."

सगळे हसले. पण पुढच्या वर्षी जे घडले ते पाहता आजींनी एका वाक्यात जे सांगितले, तेच न्यायासनाने कितीतरी पानांत सांगितले असे म्हणावे लागते.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय पीठाने बड्या तलावात क्रूझ आणि मोटारबोटी चालविण्यास मनाई केली. पर्यावरणाचे अभ्यासक डॉ. सुभाष पांडे यांच्या अर्जावरून हा आदेश निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण २०२४ मध्ये तेथेही आदेश टिकला. 'लेक प्रिन्सेस'च्या फेऱ्या थांबल्या. शहरात पुष्कळांना हळहळ वाटली, काहींना राग आला. "एका बोटीने असा काय तलाव नासतो?" हा प्रश्न आमच्या वसाहतीतील पारावरही बरेच दिवस रंगला होता. प्रश्न अगदीच चुकीचा नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की हा तलाव केवळ शोभेचा नाही. शहराची सुमारे चाळीस टक्के तहान तो भागवितो असे सांगितले जाते. कोलार आणि नर्मदा यांचे पाणी नंतर आले, त्यापूर्वी तर भिस्त प्रामुख्याने याच्यावरच होती. शिवाय २००२ साली 'भोज आर्द्रभूमी' म्हणून त्याची रामसर यादीत नोंद झाली. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ भूमींच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची ही यादी. तीत नाव आले म्हणजे ती जागा माणसांइतकीच पाणपक्ष्यांचीही आहे, असे आपल्या देशाने जगाला दिलेले वचन. हिवाळ्यात येथे दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरतात आणि तलावाच्या पश्चिमेकडील उथळ भागात सारसांच्या जोड्या दिसतात.

डिझेलचे इंजिन पाण्यावर चालते तेव्हा त्याच्या धुरातील गंधकाची व नत्राची संयुगे पाण्याच्या पृष्ठभागाशीच मिसळतात आणि पाणी आम्लतेकडे झुकते. तेल व वंगण थेंबाथेंबाने झिरपतेच, इंजिन कितीही नवे असो. जेथे पाणी उथळ, तेथे पंख्याच्या घुसळणीने तळाचा गाळ वर येतो व त्यात वर्षानुवर्षे निजलेली घाण पुन्हा पाण्यात मिसळते. आवाजाने आणि लाटांनी काठावरची घरटी उठतात, ते वेगळेच. एका संध्याकाळी यातले काहीच जाणवत नाही. पण नौका रोज अनेक फेऱ्या मारी, आणि या तलावाला वाहती नदी नसल्यामुळे जे पडले ते पुष्कळसे तेथेच राहते. भदभद्याचे दरवाजे उघडतात तेव्हाच काय ती त्याची सुटका, आणि ते सारे पावसाच्या मर्जीवर. काही वर्षी तर दरवाजे उघडतच नाहीत.

मराठी घरात पाण्याच्या माठात उष्टे भांडे बुडवीत नाहीत. त्यासाठी ओगराळे वेगळे असते, आणि लहान मूल माठाला हात लावू लागले की 'उष्टं ना रे ते!' असा आवाज स्वयंपाकघरातून येतो. माठातले पाणी उष्ट्या भांड्याने विषारी होत नाही, हे आजीलाही कळत असते. पण एकदा एकाला मोकळीक दिली की घरातला प्रत्येक हात माठात बुडणार, हे तिला त्याहून अधिक कळते. नौकेविषयीचा निर्णय आम्हांला याच जातीचा वाटतो.

मग मांडवीवर चालते ते भोपाळला का चालू नये, असे कुणी म्हणेल. पणजीच्या धक्क्यावरून संध्याकाळी निघणाऱ्या नौका आमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. तासाभराची फेरी, रेईश मागुशच्या किल्ल्याचे दर्शन, नौकेवर देखणी-फुगडीचे नाच. आता या दोन पाण्यांतला भेद लक्षात घ्यावा. पणजीपाशी मांडवी ही समुद्राला भेटणारी खाडी आहे. तेथे भरती-ओहोटीबरोबर खारे पाणी आत येते आणि बाहेर जाते. ते कुणी पीत नाही. पणजीच्या घागरीत येणारे पाणी दूर आत, फोंड्याजवळ ओपा येथे, खांडेपार नदीतून उचलतात. खांडेपार ही मांडवीचीच उपनदी. म्हणजे गोवेकराने एकाच जलकुळातली पिण्याची जागा आणि मौजेची जागा अलग ठेवली आहे. यात शहाणपण किती आणि भूगोलाची कृपा किती, हा वाद वाचकांवर सोडतो. (मांडवीवर कॅसिनोंच्या नौकांची जी दाटी झाली तिच्याविषयी गोवेकरांच्या तक्रारी आहेतच, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

साबरमतीची गोष्ट तिसरीच. अहमदाबादेत घाटांच्या मधोमध जे भरलेले पाणी दिसते ते बरेचसे कालव्याने आणलेले नर्मदेचे, वासणा बंधाऱ्याने अडवून धरलेले. नदी साबरमती, पाणी नर्मदेचे आणि वर शाकाहारी जेवणाची नौका. गुजराती माणसाच्या व्यवहारचातुर्याला आम्ही मनोमन नमस्कार केला. पण इतक्या खर्चाने आणि इतक्या दुरून आणलेल्या पाण्यावर इंजिन फिरविताना तेथेही कुणा आजीच्या मनात माठाचा विचार आला असेलच.

नौका बंद झाली म्हणजे तलाव वाचला, असे मात्र आम्ही मानीत नाही, आणि या एका गोष्टीत पारावरच्या रागावलेल्या मंडळींशी आमचे एकमत आहे. नौका दिसत होती म्हणून तिच्यावर बोट ठेवणे सोपे गेले. जे दिसत नाही ते अधिक घातक आहे. वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे तलावात येते. कोलांसच्या खोऱ्यातील शेतांतून खते व औषधे पावसाबरोबर वाहून येतात. काठाच्या जमिनीवर बांधकामे सरकत पुढे येतात. पूर्ण भरलेल्या तलावाची पातळी १६६६.८० फूट ठरलेली असली तरी तिच्या खुणांकडे पाहण्याची सवय काठावरच्या सगळ्यांना नाही. जपानच्या कर्जसाहाय्याने १९९५ ते २००४ या काळात भोज आर्द्रभूमी प्रकल्प राबविला गेला. गाळ काढला गेला, सांडपाणी वळविण्याची कामे झाली. पण शहर प्रकल्पाहून वेगाने वाढले.

यात आपल्या समाजाचाही वाटा आहे. पिढ्यानपिढ्या आपण गणपती या पाण्यात विसर्जित केले. शाडूची मूर्ती आणि हळद-कुंकवाचा रंग होता तोवर तलावाने ते सोसले. प्लास्टर आणि रासायनिक रंग आल्यावर सोसवेनासे झाले. आता प्रेमपुरा घाटावर, आमच्या बाजूला हताईखेड्याला, विसर्जनाची ठिकाणे नेमून दिलेली असतात, आणि अयोध्या नगरातील कित्येक घरी गणपती बादलीत विसर्जित होऊन तुळशीच्या मुळाशी जातो. सुरुवातीला वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. "देवाला बादलीत?" असा प्रश्न आमच्याही घरी झाला. मग तेच वडीलधारे पुढच्या वर्षी शाडू कुठे मिळेल याची चौकशी करू लागले. उत्सव गेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली.

पाण्यावरच्या संध्याकाळीचेही असेच काही होऊ लागले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये बड्या तलावात काश्मिरी धर्तीचे वीस शिकारे उतरविण्यात आले. रंगीत छत, गादीच्या बैठका आणि इंजिनाऐवजी वल्हे. शिकाऱ्यातून जाताना पाण्याचा आवाज ऐकू येतो, हा नौकेच्या तुलनेत मोठाच लाभ आहे. तेथे गाण्यांच्या गोंगाटात तलावाला बोलायला संधीच नसे. पाणकोंबड्या आणि पाणकावळे नावेपासून थोड्या अंतरावर निवांत बसून राहतात. नावाडी बोलका निघाला तर अर्ध्या फेरीत तलावाचा इतिहासही पदरी पडतो, त्यातला निम्मा खरा असतो. भोजराजाला त्वचारोग जडला, तीनशे पासष्ट ओढ्यांचे पाणी एकत्र केलेल्या तळ्यात स्नान केल्यास तो बरा होईल असे भाकीत झाले, एक ओढा कमी पडला तो कालिया नावाच्या गोंड नायकाने दाखविला, म्हणून कलियासोत नदी. ही कथा हमखास निघते. इतिहासकार तिला मान डोलावीत नाहीत. पण भदभद्यातून सुटलेले पाणी आजही कलियासोतीनेच बेतव्याला, तेथून यमुनेला आणि शेवटी गंगेला मिळते, एवढे खरे.

तरी नौका गेल्याने काही हानी झाली, ती नाकारू नये. मोठी नौका स्थिर असे. तिच्यात चढायला रुंद फळी असे. गुडघे दुखणाऱ्या, काठी टेकीत चालणाऱ्या माणसालाही तलावाच्या मध्यावर जाता येई. डोलणाऱ्या शिकाऱ्यात पाय ठेवणे त्यांना जमत नाही. आमच्या त्याच आजी हल्ली काठावरच बसतात. त्यांना विचारले तर म्हणतात, "मी बसते इथं, तुम्ही या जाऊन." त्या वाक्यात तक्रार नसते म्हणूनच ते ऐकवत नाही. ज्यांनी हा तलाव आयुष्यभर पाहिला, त्यांच्यासाठी पाण्यावर जाण्याची एखादी सुखरूप सोय असायला हवी, असे आम्हांला मनापासून वाटते.

ती अशक्य आहे असेही नाही. केरळात वेंबनाड सरोवरावर 'आदित्य' नावाची पंचाहत्तर प्रवाशांची नाव २०१७ पासून वैकम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान चालते. छतावर सौरपट्टे, आत विद्युतघट. धूर नाही, तेल नाही आणि आवाजही नाममात्र. कोचीला २०२३ पासून विजेवरच्या नावांची सार्वजनिक वाहतूकच सुरू झाली आहे. भोपाळला अशी एखादी नाव, दिवसातून मोजक्या फेऱ्या, पक्ष्यांच्या उथळ भागापासून दूर आणि प्रथम हक्क वृद्ध व अपंगांना, अशा अटींवर चालू शकेल की नाही, हे न्यायाधिकरणापुढे तज्ज्ञांनी मांडावे. मात्र तिच्यावर जेवणाच्या पंक्ती नकोत. खरकटे आले की त्याबरोबर पत्रावळी, कागद, बाटल्या आल्या. त्यातले काही ना काही कठड्यावरून खाली जाणारच, आणि प्रत्येक नातवापाशी हात धरणारी आजी उभी नसते.

जेवणासाठी काठ आहे. बोट क्लबच्या बाजूला मक्याच्या कणसांपासून सगळे मिळते. घरचे न्यायचे असेल तर दशमी, चटणी, दही-भात हे पदार्थ प्रवासात टिकतात आणि मागे कचरा ठेवीत नाहीत. जाणारांनी सूर्यास्तापूर्वी तासभर तरी धक्क्यावर पोहोचावे. अयोध्या नगराकडून निघणारांनी प्रभात चौराह्याची संध्याकाळची गर्दी हिशेबात धरून आणखी अर्धा तास हाताशी ठेवावा. रविवार शक्यतो टाळावा. उत्तम काळ आश्विन ते माघ. पावसाने तलाव भरलेला असतो, आकाश स्वच्छ असते आणि पक्षी येऊ लागलेले असतात.

यंदाच्या कोजागिरीला आमच्या चार कुटुंबांचा बेत ठरला आहे. तरुण मंडळी आणि मुले आधी शिकाऱ्यातून फिरून येतील. आजींसाठी धक्क्याजवळ घडीची खुर्ची नेणार आहोत, चंद्र पाण्यावर दिसेल अशा जागी. दूध घरूनच आटवून थर्मासात न्यायचे आहे, आणि पेले स्टीलचे, परत आणायचे.